गुहेपुढच्या चपला

आमगावच्या रस्त्यावर नवं मनोरंजन पार्क उघडलं आणि खुशबूला तिथल्या स्टुडिओ सफरीत गाईडची नोकरी लागली. सिनेमात पूर कसा आणतात, आग कशी लावतात, ते पडद्यामागचं सगळं लोकांना उघड्या गाडीतून फिरवून दाखवायचं. शिवाय रोज बोंबलायचंही काम होतं. सफरीच्या शेवटी नकली गुहेत पूर येई. पहिला भोंगा वाजला की खुशबूनं माईकवर किंचाळायचं, "रोको! अंदर कोई रह गया है!" लोक दचकत. तिसऱ्या भोंग्याला छतातून पाण्याचा लोंढा ओंडके घेऊन कोसळे, आणि मग टाळ्या. खोटं बोंबलायचा पगार मिळत असेल तर नाही कोण म्हणेल?

त्या दिवशी तिनं आईला, जमुनाला, सालेकशाकडच्या जंगलातल्या गावाहून हौसेनं आणलं होतं. गुहेपाशी फोटोसाठी गाडी थांबली. कारागिरांनी फायबरची गुहा थेट कचारगडच्या देवाच्या गुहेसारखी केली होती, आत शेंदूर फासलेला दगडही ठेवला होता. "हे सगळं खोटं आहे बरं," असं खुशबूनं सगळ्यांना सांगितलं. पण शेंदूर लागलेल्या दगडाला खोटं म्हणायची रीत जमुनाच्या घरात नव्हती.

फोटो झाले, गाडी पुढं जाऊन पिवळ्या रेघेमागे उभी राहिली. पहिला भोंगा वाजला. खुशबूनं किंचाळायला तोंड उघडलं आणि तिची नजर गुहेच्या तोंडाशी गेली. तिथं निळ्या पट्ट्यांच्या दोन चपला जोडीनं काढून ठेवल्या होत्या. तिनं वळून पाहिलं. गाडीत आईची जागा रिकामी होती.

"रोको! अंदर मेरी माँ है!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. लोक हसले, मोबाईल वर झाले. पाण्याचं बटण ज्याच्या हाती, तो टेकचंद वर काचेच्या खोलीत बसला होता. त्यानं रोजच्यासारखा अंगठा दाखवला.

"टेकचंदभाऊ, खरंच माय आहे आत! बंद कर!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. दुसरा भोंगा वाजला.

मेल्या टेकचंदला कळावं तरी कसं? रोज तीच पोरगी, तोच गळा. आता ओरडून काही होणार नव्हतं. खुशबूनं माईक फेकला आणि पिवळी रेघ ओलांडून धावत सुटली. शो चालू असताना ती रेघ आजवर कुणी ओलांडली नव्हती. पाणी आलंच तर दोघी जाऊ, एवढंच तिच्या मनात होतं.

आत जमुना दगडापुढं डोकं टेकवून बसली होती. खुशबू तिच्यावर ओणवी झाली, तिला घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. वर टाकीत पाणी घुसळत होतं. ती तिसऱ्या भोंग्याची वाट पाहत राहिली. तो वाजलाच नाही.

"काऊन बोंबलून राहिली वो?" जमुना तिला बाजूला ढकलत म्हणाली. "अन् देवाजवळ जोडे घालून आली? तुही नोकरी पक्की होवो म्हणून मी दोन दाणे तांदूळ वाहून राहिली, अन् तू अशी!"

खुशबूला रडूच फुटलं. रडत रडतच तिनं जोडे काढले. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या.

टेकचंद धापा टाकत आला. "तू रेघ ओलांडली तवा बंद केलो, बाई. वरडली ते तं आधीच ऐकलो होतो." त्यानं जमुनाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "आज लय मस्त वरडून राहिली, असंच वाटलं मले."