सकाळी केडीनचा, दुपारी नॉर्डियाचा

मी केडीनचा गणवेश बोलतोय. दुपारी बारानंतर विचाराल तर नॉर्डियाचा. संध्याकाळी मी दोघींचाही नसतो, कारण तेव्हा त्यांच्या आईने मला बादलीत बुडवलेलं असतं.

अंगाने मी बाटलीहिरवा. पुढे सहा चुण्या, मागे सहा, कमरेला पट्टा आणि छातीवर शाळेचा बिल्ला. बिल्ल्यावर लॅटिनमध्ये काहीतरी लिहिलं आहे. शाळेत लॅटिन कुणालाच येत नाही, म्हणून ते फार थोर वचन असावं असा सगळ्यांचा समज आहे.

माझ्या जन्माची कथा कापसाच्या शेतात सुरू होत नाही. ती हेडमास्तरांच्या खोलीतल्या एका बैठकीत सुरू होते. त्याआधी इथल्या मुली कुठलंही हिरवं कापड घेऊन मिस विनेटच्या ओसरीवर जात. ती बाई 'वाढत्या अंगाचं' शिवायची. खाली चांगली वीतभर दुमड ठेवायची, दरवर्षी थोडी उसवायची. असा एक गणवेश पोरीला तीन-चार वर्षं पुरे. साहजिकच ही गोष्ट कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली.

शाळेचं छप्पर गळत होतं आणि पोरांचं गणित कच्चं होतं. बैठकीत त्यावर गंभीर विचार झाला आणि गणवेशाच्या चुण्या वाढवायचं ठरलं. हिरवा रंग थोडा गडद करायचा, आणि कपडा फक्त मिस्टर चेंबर्सच्या दुकानातून घ्यायचा. शाळेला म्हणे नवी ओळख हवी होती. अशा रीतीने मी जन्मलो. मला खाली दुमड जेमतेम दोन बोटं. दुकानी कपड्याला मुलं वाढतात हे ठाऊकच नसतं.

'गणवेशामुळे गरीब आणि श्रीमंत एकसारखे दिसतात,' असं हेडमास्तर दर सप्टेंबरात सांगतात. अगदी खरं आहे. ज्यांना मी परवडत नाही ते फाटकाबाहेर राहतात, आणि आत उरतात ते सगळे एकसारखे दिसतात.

मला घ्यायला आली मर्लीन बेकफोर्ड. समुद्राकाठच्या एका गेस्ट हाउसमध्ये चादरी धुणं आणि इस्त्री करणं हे तिचं काम. तिने बायकांच्या भिशीत भांडून ऑगस्टचा नंबर मागून घेतला होता, कारण जमैकात ऑगस्ट हा आईबापांना सोलून काढायचा महिना आहे. जुने दोन्ही गणवेश नव्या नियमाने बाद झाले होते. घरात शाळेला जाणाऱ्या मुली दोन, आणि बूट-वह्यांचे पैसे बाजूला काढल्यावर पर्समध्ये उरला होता एकाच गणवेशाचा जीव.

"दोन मुली ना तुमच्या, मिस मर्लीन? म्हणजे दोन गणवेश," मिस्टर चेंबर्स म्हणाले.

"एक द्या. थोरलीच्या मापाचा."

"आणि धाकटीला?"

"धाकटी दुपारच्या शिफ्टला आहे," मर्लीन म्हणाली. मिस्टर चेंबर्सना काही उलगडा झाला नाही, पण पैसे हातात पडल्यावर त्यांना उलगड्याची फारशी गरज नसते.

आमच्या शाळेत वर्ग कमी आणि पोरं जास्त. म्हणून वरच्या वर्गांची शाळा सकाळी आणि खालच्या वर्गांची दुपारी. केडीन सकाळची, नॉर्डिया दुपारची. फाटकासमोर मिस बर्डीची खानावळ आहे. तिच्या मागच्या खोलीत, पिठाची पोती आणि खारवलेल्या माशांच्या खोक्यामध्ये, रोज दुपारी माझी बदली होते.

"ई! ओला आहे गं हा! पाठ बघ, सगळी चिकचिकीत," नॉर्डिया रोज किंचाळायची.

"मग? गणिताच्या तासाला मी पंखा घेऊन बसू?"

"आणि गरम किती! अंगातनं वाफा येतायत."

"मिस बर्डीचं डंपलिंग गरम लागतं तेव्हा नाक मुरडत नाहीस ती! उचल पाय, घंटा झाली."

"ए भवान्यांनो," चुलीपाशी उभी असलेली मिस बर्डी ओरडायची, "कपडे बदलायला जागा दिलीय, भांडायला नाही. माझे मासे करपतायत इकडे!"

केडीन ताडमाड उंच, नॉर्डिया तिच्या खांद्याला लागते. त्यामुळे दुपारी मला पट्ट्यावरून वर ओढून फुगवावं लागतं. फाटकात मिस प्लमर उभ्या असतात. शाळेची शिस्त त्यांच्या हातात आणि हातात पट्टी. झगा गुडघ्याच्या वर गेला की पोरगी घरी. पुस्तक नसलेली पोरगी आत गेली तर त्यांची हरकत नसते.

आमच्या भागात माती लालभडक, आणि नियमाने मोजे पांढरेशुभ्र. हा नियम करणारा मोटारीतून फिरणारा असावा. पण मर्लीनने कधी बोट ठेवायला जागा दिली नाही. संध्याकाळी धुवायची, कसाव्याची खळ द्यायची, पहाटे अशी कडक इस्त्री करायची की चुण्यांनी बोट कापावं. पाच-पाच गणवेश असलेल्या पोरी चुरगळलेल्या यायच्या. मी पडलो एकुलता एक, माझे लाड होणारच.

"आपल्याकडे काय नाही ते आपल्या दाराच्या आत," ती मुलींना बजावायची. "बाहेर फक्त इस्त्री दिसली पाहिजे."

आणि इथेच घोटाळा झाला. मिस्टर चेंबर्सनी 'आदर्श गणवेश' असं बक्षीस जाहीर केलं. प्रत्येक शिफ्टमधून एक विद्यार्थी निवडायचा, आणि त्याला कूपन: त्यांच्या दुकानातून एक नवाकोरा गणवेश फुकट. ज्याच्याकडे चांगला गणवेश आहे त्यालाच आणखी एक द्यायचा, असा हा दानधर्म. निवड मिस प्लमरनी केली. सकाळच्या शिफ्टमधून केडीन बेकफोर्ड, दुपारच्या शिफ्टमधून नॉर्डिया बेकफोर्ड.

"संस्कार घरातूनच येतात," मिस प्लमर म्हणाल्या. घरातून येत होतो तो मी, पण असो.

मुली नाचत घरी आल्या. दोन कूपनं म्हणजे दोघींना आपापला गणवेश! मर्लीनने मात्र शाळेने धाडलेला निमंत्रणाचा कागद दोनदा वाचला आणि खाली बसली. समारंभ शुक्रवारी, दोन्ही शिफ्टचा एकत्र. विजेत्यांनी पूर्ण गणवेशात यावं.

"कुणाचा तरी मागून आणू," नॉर्डिया म्हणाली.

"कुणाचा आणशील? अख्खी शाळा तिथे असणार," केडीन म्हणाली. "त्या दिवशी गावात एकही गणवेश खुंटीवर सापडायचा नाही."

तरी मर्लीन दोन दिवस घरोघर फिरली. "पोरं बरी आहेत ना? ताप-बीप? खोकला तरी?" तिने इतक्या आशेने चौकशी केली की एका बाईने तिला दारातूनच घालवून दिलं. गावातली पोरं त्या आठवड्यात ठणठणीत होती. आजारी पडायचं तेव्हा मेली पडत नाहीत.

शेवटी तोड काढली मिस बर्डीने. समारंभाचं खाणं तिच्याकडेच होतं. नॉर्डियाने घरच्या पिवळ्या झग्यात पॅटीची परात डोक्यावर घेऊन तिच्या मागून आत शिरायचं. केडीनचं बक्षीस आधी. ते झालं की तिने सभागृहामागच्या न्हाणीघरात यायचं, तिथे मी अंग बदलायचं. दुपारच्या शिफ्टचं बक्षीस हेडमास्तरांच्या भाषणानंतर होतं, आणि त्या भाषणात गावातल्या सगळ्यांचे कपडे बदलून झाले असते.

बेत साधला. केडीनने टाळ्यांच्या गजरात कूपन घेतलं, आणि थोड्या वेळाने मीच नॉर्डियाच्या अंगावरून पुन्हा त्याच पायऱ्या चढलो. मिस्टर चेंबर्सनी तिला कूपन देता देता माझ्या चुण्यांची पुन्हा तारीफ केली. मागच्या बाकावर मर्लीन चर्चची टोपी घालून बसली होती. तिचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

"वा! आता दोघी बहिणी एकत्र," मिस्टर चेंबर्स म्हणाले. "फोटो होऊन जाऊ दे!"

नॉर्डियाने माझ्या चुण्या मुठीत धरल्या.

मिस प्लमरनी केडीनच्या नावाने हाका मारल्या. एकदा, दोनदा. सभागृह माना वळवून बघू लागलं. मग बाजूच्या दारातून केडीन आली. धाकटीचा पिवळा झगा, गुडघ्याच्या कितीतरी वर. पण मान ताठ.

"हा काय अवतार? गणवेश कुठे तुझा?" मिस प्लमरनी विचारलं.

केडीनने नॉर्डियाकडे बोट दाखवलं. "तो काय, मिस. बारा वाजून गेले ना, आता तो दुपारच्या शिफ्टला आहे."

कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. माना मर्लीनकडे वळल्या. तिने टोपी सरळ केली आणि समोर बघत राहिली. माझी शिवण न् शिवण त्या क्षणी उसवून पडली असती तर बरं, असं मला वाटलं. तिने इतके महिने खळ घालून झाकलेलं सगळं तिथे उघडं पडलं होतं.

मिस्टर चेंबर्सनी दोन्ही कूपनं परत घेतली. "चौकशी होऊ दे," ते म्हणाले. गणवेश एकच, तर बक्षिसं दोन कशी? त्यांचा हिशेब पक्का.

चौकशीचं माहीत नाही, पण नियम लगेच झाला. एका गणवेशात दोन विद्यार्थी ही गंभीर बाब आहे, हे शाळेच्या ध्यानात आलं होतं. इलाज? प्रत्येकाच्या गणवेशावर छातीपाशी त्याचं पूर्ण नाव शिवलेलं हवं. सोमवारपासून नावाशिवाय फाटकातून प्रवेश नाही. नाव मिस्टर चेंबर्सच्या दुकानात माफक दरात भरून मिळेल.

त्या संध्याकाळी मी टेबलावर पडलो होतो आणि तिघी माझ्याभोवती. ज्या मुलीचं नाव माझ्यावर लागणार नाही, ती पुढच्या ऑगस्टपर्यंत घरी बसणार, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"नॉर्डियाचं घाल, मम्मी," केडीन म्हणाली. "माझे थोडेच महिने राहिलेत."

"आणि परीक्षा कोण देणार? मिस बर्डी?" नॉर्डिया रडत ओरडली. "हिचं घाल. मला हा घामट गणवेश नकोच आहे! नकोच होता कधी!"

पोटच्या दोन पोरींतून एकीचं नाव निवडायचं काम शाळेने मर्लीनला गृहपाठ म्हणून दिलं होतं. ती उठली, मुलींना जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. मग कपाटावरचा बटणांचा डबा काढला. त्यात गेस्ट हाउसच्या फाटक्या उशांच्या अभ्र्यांची टिचबटणं होती. तिने पांढऱ्या फितीचे दोन तुकडे कापले. एकावर हिरव्या दोऱ्याने लिहिलं केडीन बेकफोर्ड, दुसऱ्यावर नॉर्डिया बेकफोर्ड. माझ्या छातीवर चार टिचबटणं बसवली आणि दोन्ही फितींच्या मागे त्यांच्या जोड्या.

"नाव हवंय ना त्यांना?" ती म्हणाली. "घ्या म्हणावं नाव."

सोमवारपासून मिस बर्डीच्या मागच्या खोलीत घाम, वाफ आणि भांडणाच्या जोडीला टिच टिच असा आवाजही यायला लागला.

पुढे एका दुपारी घंटा झाली, पाऊस झोडपत होता, आणि नॉर्डिया घाईत फीत न बदलताच धावली. फाटकात मिस प्लमरनी पट्टी आडवी धरली. माझ्या छातीवरचं नाव वाचलं, वरचा चेहरा पाहिला.

मिस प्लमरनी फितीचं टोक धरून ओढलं. टिच. फीत त्यांच्या हातात आली आणि खाली चार टिचबटणं चकाकली. त्या बराच वेळ बटणांकडे बघत होत्या. त्यांची छत्री तिरकी होऊन खांदा भिजत होता.

"तुझं नाव कुठाय?"

नॉर्डियाने मोज्यातून दुसरी फीत काढली. मिस प्लमरनी पट्टी काखेत धरली आणि स्वतःच्या बोटांनी एकेक बटण दाबलं. मग केडीनची फीत तिच्या तळहातावर ठेवली.

"ही नीट ठेव. सकाळी बहिणीला लागेल. पळ आता."

एवढ्यावरून मी मिस प्लमरचे गोडवे गाईन असं समजू नका. दोन कूपनांची चौकशी अजून चालूच आहे, आणि पट्टीही अजून त्यांच्याच हातात आहे. पण खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला त्यांच्या बोटांचा राग आला नाही.

आता माझी पाठ विटली आहे, चुण्या मऊ पडल्यात. हेडमास्तरांच्या टेबलावर नव्या रंगाचे नमुने येऊन पडलेत म्हणे, तेव्हा लवकरच मी फडकं होऊन मिस बर्डीच्या चुलीवरची पातेली उतरवणार. त्याचं दुःख नाही. फक्त एक विनंती आहे. नवा रंग ठरवायला बसाल ना, तर बैठक एकदा मिस बर्डीच्या मागच्या खोलीत घ्या, भर दुपारी. पिठाच्या पोत्यांवर बसायला जागा आहे.

केडीनची शेवटची परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. तिची फीत बटणांच्या डब्यात गेली आणि मी सकाळभर घरीच खुंटीवर लटकू लागलो. काल दुपारी नॉर्डियाने मला खाली काढलं, कोरडा, स्वच्छ, खळ घातलेला. अंगात चढवलं आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" ओसरीवर भाजी निवडत बसलेल्या केडीनने विचारलं.

"हा गार लागतो गं."

केडीनने भाजीचे हात झग्याला पुसले.

"आण इकडे," ती म्हणाली. "थोडा वेळ घालून देते."