तेविसावं घर

"आई, तू गौरम्मा मावशीसोबत जशी हसतीस, तशी आमच्यासोबत का हसत नाहीस?"

प्रश्न विचारून संबोधीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. महेजबीन आणि रत्नमाला या मैत्रिणींनी तिच्याशी पैजच लावली होती, "दम असंल तर विचार!" आणि दम तर तिच्यात महिन्याभरापासून नुसता उसळत होता. दहावीची परीक्षा संपलेली, पायथन ही कॉम्प्युटरची भाषा यूट्यूबवरून स्वतःचं स्वतः शिकलेली, शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक हातात घेऊन न थरथरता बोललेली. अशा मुलीने आईला एक प्रश्न विचारायचा म्हणजे काय मोठं!

पंचशीलाबाई भांडी विसळलेलं पाणी बादलीत गोळा करत होत्या. ते संडासाला वापरायचं होतं.

"हसते की," त्या म्हणाल्या. "ती बादली धर. सांडू नको."

"हे हसणं झालं का?"

"मग काय नाचू?"

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'गौरी नांदेड'. आईने ओला हात पदराला पुसला, फोन कानाला लावला आणि एका मिनिटात मोरीतून असं खदखदून हसू आलं की बाहेर पेपर वाचणाऱ्या पप्पांनीही मान वर केली.

"अगं, टर्बो दाब की मग!" आई म्हणत होती. "हाव ना... त्या बाईचं पूर्ण बॅड सेक्टर झालंय... नाही नाही, फॉर्मॅट मारूनसुद्धा सुधारणार नाही ती!"

संबोधी बादली धरून उभीच.

हे असंच चालायचं. आई लातूरच्या एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या तोंडातून शब्द मोजून यायचे. गौरम्मा मावशीचा फोन आला की मात्र आतून कुणीतरी दुसरीच बाई बाहेर यायची. दोघींची भाषाच वेगळी, फ्लॉपीच्या काळातल्या कॉम्प्युटरची. झोपायला जा म्हणायचं तर "डोकं पार्क कर". म्हणे जुन्या मशीनला बंद करण्याआधी 'पार्क' असा हुकूम द्यावा लागायचा, तेव्हा कुठे आतलं हेड जागेवर जाऊन बसायचं. कुणी ऐकत नसलं तर, अडलेलं मशीन पडद्यावर विचारायचं तसं, "ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?" असं एकीने विचारायचं, दुसरीने "रिट्राय!" ओरडायचं आणि मग दोघींनी हसायचं. संबोधीने एकदा मध्येच "रिट्राय!" म्हणून पाहिलं होतं. आई तिच्याकडे बघून नुसती 'बरं' म्हटल्यासारखी हसली. ते हसू संबोधी अजून विसरली नव्हती.

आणि आता तर कळसच झाला होता. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. नळ विसरून गेले होते सगळे. क्लासवाले मुलांना सुट्टी देत होते, होस्टेलं रिकामी होत होती. तेव्हा आई-पप्पांनी ठरवलं की अकरावीला संबोधीला नांदेडला ठेवायचं. गौरम्मा मावशीच्या घरी.

"तिथं निदान आंघोळ तरी करशील रोज," पप्पा म्हणाले होते. अमृतराव पोस्टात होते आणि प्रत्येक गोष्टीचा फायदा आधी सांगायचे.

"तिच्या घरी? दोन वर्षं?"

"तिच्या काय, त्यांच्या म्हण," आई म्हणाली. "आणि गौरीसारखं माणूस शोधून सापडायचं नाही."

झालं! आईने आपल्याला उचलून थेट त्याच बाईच्या ओटीत टाकायचं ठरवलं, एवढंच संबोधीला कळलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गौरम्मा मावशी स्वतःच तिला बघायला आली. नांदेडहून एसटीने, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन. मूळची उदगीरची, बुटकी, कपाळावर भस्माचा फिकट पट्टा, आवाज मात्र बाजारात हाक मारावी असा.

"अय्यो, किती वाढलीस गं! ह्ये घे, गोदावरीचं हाय. सगळे पेढे आणत्यात, म्या पाणी आणलं."

"तुम्ही कशाला त्रास घेतला," संबोधी म्हणाली. मुद्दाम 'तुम्ही'. सगळ्या मावश्यांना ती 'तू' म्हणायची.

मावशी नांदेडला कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवायची. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार. पंचशीला आणि ती, दोघी पूर्वी नांदेडच्या एकाच कॉम्प्युटर सेंटरवर प्रोग्रॅम लिहायला होत्या, एवढं संबोधीला माहीत होतं. मग एक अजूनही कॉम्प्युटर विभाग सांभाळते आणि दुसरी झेरॉक्स काढते, हे असं का, याचा तिने कधी विचार केला नव्हता. 'येत नसंल जास्त,' असं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं आणि त्यात तिला जरा गोडही वाटलं होतं. ते सेंटर सोडून सतरा वर्षं झाली तरी ही बाई फ्लॉपीतच अडकलेली!

म्हणून तिने त्याच संध्याकाळी मावशीसमोर आपला लॅपटॉप उघडला. गल्लीत आठव्या दिवशी टँकर यायचा आणि पाइपापाशी दर वेळी एक मारामारी ठरलेली. संबोधीने त्यावर प्रोग्रॅम लिहिला होता. तेवीस घरं, घरटी दोन ड्रम, दर वेळी नंबर फिरता. यादी पाहून गल्लीतल्या बायांनी तोंडात बोटं घातली होती. उद्याच्या टँकरपासून रांग नाही, आपला नंबर पुकारला की दारात ड्रम आणायचा.

"बघा. एका सेकंदात यादी," ती म्हणाली.

"लई भारी," मावशी म्हणाली. मग चष्मा वर करून तिने विचारलं, "ड्राय रन केलीस का?"

"म्हणजे?"

"कागदावर चालवून बघितलीस का?"

"आता कुणी करतं का ते? रन दाबलं की चालतं."

मावशी आईकडे बघून हसली. आई मावशीकडे बघून हसली. संबोधीने लॅपटॉप फाटकन मिटला. सकाळी मात्र मावशीनेच यादीची प्रिंट हौसेने नेली आणि विजेच्या खांबाला चिकटवून आली.

टँकर दहाला आला. सगळं काही ठरल्यासारखं झालं. ड्रायव्हर यादीवर बोट ठेवून नंबर पुकारत गेला, भांडण नाही, शिवी नाही. बाविसावा नंबर झाला, यादी संपली, त्याने पाइप गुंडाळला आणि उरलेलं पाणी घेऊन पुढच्या गल्लीत गेला. संबोधी गच्चीवरून मैत्रिणींना व्हिडिओ पाठवत होती.

अर्ध्या तासाने भामाबाई दारात आली. गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर तिचं. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेला ग्यानोबा.

"कुणी केली वो ती यादी? माझं घर काय पडलंय का मोडून? म्या आपली ड्रम घेऊन बसले दारात, नंबर येतोय, नंबर येतोय. टँकर गेला बी! म्हाताऱ्याचं अंग पुसायला घोटभर पाणी न्हाई घरात!"

संबोधी गच्चीवरून खाली आली. तिने तोंड उघडलं. पण आवाज तिचा नव्हता.

"चूक माझी झाली, ताई," गौरम्मा मावशी पुढे होऊन म्हणाली. "म्याच चिकटवली यादी, म्याच टाइप केली. एक ओळ राहून गेली. बाहेरगावची हाय म्या, मला घरं माहीत न्हाईत."

"बाहेरगावचीला कशाला पायजेत आमच्या पाण्याच्या उठाठेवी?" भामाबाई कडाडली. "आलीय मोठी शिकलेली!"

मावशी मान खाली घालून ऐकत राहिली. भामाबाई चांगली पाच मिनिटं बोलली. संबोधीने आईकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, की हे सगळं तिने आधी एकदा पाहिलेलं असावं.

भामाबाई गेल्यावर संबोधी उखडली. "माझी चूक तुम्ही का घेतली? मी मागितली होती का मदत? आई तर तुमचीच आहे, आता माझी चूक पण तुमचीच का?"

"बोधी!" पप्पा म्हणाले.

"राहू द्या वो भाऊजी. आधी चूक कुठं हाय ती बघू." मावशीने डब्यातून मूठभर चिंचोके काढून फरशीवर मांडले. "हे तेवीस. आता तू मशीन. म्या ओळ वाचते, तू तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल लावायची न्हाई, मशीनला अक्कल नसती. बस खाली."

संबोधी फुगूनच बसली. मावशी लॅपटॉपवरून एकेक ओळ वाचायला लागली. पायथन तिने जन्मात पाहिलं नव्हतं, तरी दुसऱ्याच ओळीला ती म्हणाली, "एक ते तेवीस लिहिलंस. मशीनला तेवीस म्हंजे कुठवर?"

"तेवीसच्या..." संबोधी थांबली. "तेवीसच्या आधीपर्यंत."

"मग उचल."

एक, दोन, तीन. चिंचोके एकेक करून बाजूला गेले. बावीस झाले. संबोधीचा हात हवेत राहिला.

"पुढं?"

"पुढं सांगितलेलं नाही."

फरशीवर एकच चिंचोका उरला होता.

"आमचं पण शेवटचंच राहिलं होतं," आई एकदम म्हणाली.

"पंचे, जाऊ दे."

"नाही, गौरी. ऐकू दे तिला." आई फरशीवर येऊन बसली. "नव्व्याण्णव साल. परभणीतून हिंगोली जिल्हा नवा निघाला. एका बियाणे कंपनीची गावांची यादी दोन जिल्ह्यांत वेगळी करायचं काम आमच्या सेंटरला आलं. प्रोग्रॅम मी लिहिला. टाइप हिने केला. शेवटचं गाव ना इकडं आलं ना तिकडं. पेरणीच्या तोंडावर त्या गावाला बियाणंच गेलं नाही. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, कुणी केलं?"

"हिला तुझ्या येळचा दुसरा महिना होता तवा," मावशी घाईघाईने म्हणाली. "चक्कर येऊन राहिली होती, उभं राहवत नव्हतं..."

"ते कारण नको देऊस माझ्या वतीने," आई म्हणाली. "मी भ्याले. ही म्हणाली, मी केलं. मी गप्प बसले. हिला त्याच दिवशी काढलं. नांदेडात सेंटरं होती किती? चार. चारी ठिकाणी ते पोचलं. मग कुणी हिला प्रोग्रॅम लिहू दिला नाही."

पप्पा पेपरची घडी करत राहिले, घातलेली घडी पुन्हा उलगडून. त्यांनाही हे माहीत नसावं.

"दुकान चांगलं चालतंय की माझं," मावशी म्हणाली. "फक्त ते शब्द राहिले बघ तोंडात. दुकानात कुणाला बोलू? पोरं म्हणत्यात, फ्लॉपी म्हंजे काय. मग हिला फोन करते."

संबोधीला आता रडू यायला हवं होतं, पुस्तकातल्या मुलींना येतं तसं. आलं नाही. उलट आतमध्ये जळलंच. एवढं मोठं काहीतरी या दोघींमध्ये होतं, ती जन्मायच्या आधीपासून, आणि तिच्या वाट्याला फक्त भिंतीपलीकडून ऐकू येणारं हसू. तिला मावशीचा राग आला, आईचा आला. सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा. मघाशी दारात तोंड उघडलं होतं, पण मावशी बोलल्यावर तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. अगदी खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं.

ती उठली. मागच्या ड्रमातून कळशी भरली.

"कुठं निघालीस?" पप्पांनी विचारलं.

"येते."

गल्लीच्या टोकापर्यंत पाच खेपा झाल्या. पहिल्याच खेपेला तिने भामाबाईला सांगितलं, "आजी, यादी माझी होती. मावशीने नुसती चिकटवली. तुमचं घर माझ्या प्रोग्रॅममधून राहिलं."

भामाबाईने तिला खालून वर पाहिलं. "तूच व्हय? मग त्या बाईला उगंच एवढं बोलले की म्या." मग कळशी रिकामी करत म्हणाली, "तुझ्या त्या मशीनपरीस माझी बोटं बरी. दहा हायती, पण एक बी गाळत न्हाईत." आतून ग्यानोबा खोकत खोकत हसला. संबोधीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी उरलेल्या चार खेपा तिने केल्याच.

ती परत आली तेव्हा मावशी आत गोदावरीचं पाणी माठात ओतत होती. आई आणि पप्पा ओट्यावर बसले होते. संबोधीने कळशी पालथी ठेवली. पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजला होता, हाताला कळशीच्या काठाचे वळ उठले होते.

"बस थोडं," आई म्हणाली. "नांदेडचं... तुला नकोच असेल तर नको जाऊ. मी गौरीला सांगते."

"तू नको सांगूस काही. मी ठरवलंय." संबोधी दोघांच्या समोर ताठ उभी राहिली. "मी नांदेडला जाणार. जूनला नाही, परवा मावशीसोबतच. कॉलेज सुरू झालं की सकाळी कॉलेज, संध्याकाळी मावशीच्या दुकानात आम्ही दोघी प्रोग्रॅम लिहिणार, कागदावर, चिंचोके मांडून. पप्पा, तुम्ही लॅपटॉपची उसवलेली बॅग तेवढी शिवून आणा. आणि आई, तू महिन्यातून एकदा यायचं. पण आधीच सांगते, मावशीला भेटायला म्हणून येऊ नकोस. मला भेटायला ये."