कडीवाल्यांचा इंग्रजीतला सल्ला

कडीवाल्यांच्या दुकानातून नुसती बिजागरी घेऊन कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. बिजागरीबरोबर मुलाला कुठल्या शाळेत घालावं, गुडघ्याला काय चोळावं आणि बायकोच्या भावाला घरात किती दिवस ठेवावं, हेही गिऱ्हाइकाला बांधून मिळे. दुकान कड्याकोयंड्यांचं, म्हणून लोक त्यांना कडीवाले म्हणत. "मी सांगतो, ऐका," असं म्हणून ते काउंटरवर कोपर टेकवत, आणि मग गिऱ्हाइकाचा नाइलाज होई. सल्ला फुकट होता, सुटका महाग पडायची.

एवढं जगाला शिकवणाऱ्या या गृहस्थांच्या स्वतःच्या घराचं दार मात्र बघण्यासारखं होतं. त्याला त्यांनी हौसेने अशी काही जबर स्प्रिंग बसवली होती, की आत येणाऱ्याच्या पाठीत दार धाडकन बसे. हातात सामान असेल तर दुसऱ्या कुणीतरी दार धरून उभं राहायला लागे. बायको किती वर्षं म्हणत होती, "अहो, ती स्प्रिंग तेवढी ढिली करा." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "दार नीट आहे. लोकांना दारातून यायची अक्कल नाही." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

अशा घरात सून आली ती परक्या भाषेची. मुलाशी ती इंग्रजीत बोले. पहिल्याच आठवड्यात कडीवाल्यांच्या लक्षात आलं, की आपल्यावर आभाळ कोसळलं आहे. सल्ल्याची खरी गरज असलेलं माणूस घरात वावरतंय आणि त्याला काही सांगता येत नाही! मुलगी नव्हती, आणि असती तरी लेकी बोले सुने लागे ही सोय सुनेला भाषा कळत असेल तरच. तरीही त्यांनी बोलायचं सोडलं नाही. सुनेच्या देखत, भिंतीकडे बघून ते मराठीत सुरू व्हायचे. "कपडे वाळत घालायची ही काय तऱ्हा? आईने काही शिकवलेलं दिसत नाही. पगार मिळवते, पण चहा म्हणजे कपातलं गढूळ पाणी." सून हसायची. बिचारीला काही कळत नाही, असं म्हणून ते आणखी दोन वाक्यं सोडायचे.

आणि मग एक दिवस मुलाने जेवताना सांगितलं, की आम्ही वेगळं घर बघितलंय, तिच्या ऑफिसच्या जवळ.

यात चेष्टेचं काही नव्हतं, कडीवाल्यांना खरंच भीती वाटली. एकुलता एक मुलगा. तो गेला की संध्याकाळी दुकान बंद करून घरी यायचं ते कुणासाठी? बायको होती, पण तिला त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. मुलगा तर केव्हाच हाताबाहेर गेलेला. राहता राहिली सून. तिला नीट चार शब्द सांगितले तर ती थांबेल आणि ती थांबली की तोही थांबेल, असा त्यांनी हिशेब केला. अडचण फक्त भाषेची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवणकामाच्या दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या इंग्रजीच्या क्लासात नाव घातलं.

क्लासच्या बाई वयाने त्यांच्या सुनेएवढ्या, पण शिस्तीच्या. थोड्याच दिवसांत धडा आला: सल्ला मागणे आणि देणे. कडीवाले खुर्चीत ताठ बसले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

"नियम ऐका," बाई म्हणाल्या. "कुणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आधी प्रत्येकाने मागायचा. आणि मिळाला की हुज्जत न घालता म्हणायचं, थँक यू, दॅट इज गुड ॲडव्हाइस, आय विल डू इट."

"सल्ला चुकीचा असला तर?"

"तरीही हेच म्हणायचं."

"पण बाई, मला अडचणच नाही. मी काय विचारू?"

"मग खोटी अडचण सांगा."

कडीवाल्यांच्या जोडीला एक पोक्त नर्स होती. दिवसभर लोकांना सुया टोचून संध्याकाळी इंग्रजीवर आलेली. खोटी अडचण म्हणून कडीवाल्यांनी दिलं ठोकून, "माय वाइफ डझ नॉट लिसन टू मी."

नर्सने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. "यू शुड लिसन टू हर."

कडीवाले तिला अडवून खडसावणार होते, की बाईसाहेब, तुम्हाला संसारातलं काय कळतं. पण बाई समोर उभ्या. दात आवळून त्यांनी ते वाक्य म्हटलं, थँक यूपासून डू इटपर्यंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी गृहपाठ दिला: घरातल्या कुणालाही इंग्रजीतून सल्ला विचारून या.

जिना उतरता उतरता कडीवाल्यांना युक्ती सुचली. सुनेलाच विचारायचं! चेहरा पाडून विचारलं तर कुठली भल्या घरची मुलगी म्हणेल, की आम्ही जाणारच? ती म्हणेल, नाही जात. लगेच आपण थँक यू म्हणून टाकायचं, की मामला खलास. स्वतःच्या डोक्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना सांगणार कोण? सांगायचं खातं तर त्यांच्याकडेच होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सून टेबलाशी चहा पीत होती. बायको शेजारी लसूण सोलत बसली होती. कडीवाले घसा खाकरून समोर बसले.

"आय हॅव अ प्रॉब्लेम. माय सन वॉन्ट्स टू गो. आय ॲम ओल्ड." इथे त्यांचा आवाज कापला. ते मुळात ठरलेलं नव्हतं. "व्हॉट शुड आय डू?"

सुनेने कप खाली ठेवला. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "यू शुड लेट देम गो. अँड यू शुड व्हिजिट देम. बट कॉल फर्स्ट."

"थँक यू," कडीवाल्यांचं तोंड आपोआप चालू झालं, "दॅट इज गुड ॲडव्हाइस. आय विल डू इट."

म्हणून झाल्यावर आपण काय कबूल करून बसलो ते त्यांना कळलं. संतापून ते नेहमीसारखे भिंतीकडे वळले. "काय दगडाच्या काळजाची पोर आहे!"

"दगडाच्या नाही, बाबा," सून स्वच्छ मराठीत म्हणाली. "तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं. याआधी कधी विचारलंच नव्हतंत."

कडीवाल्यांचा चेहरा उतरला. वाळत घातलेले कपडे, आईचं वळण, गढूळ पाणी, सगळं एकामागोमाग त्यांना आठवायला लागलं. आतल्या आत ते मेल्याहून मेले झाले.

"तुला मराठी येतं?"

"आईंनी शिकवलं. पहिल्या महिन्यापासून."

"आणि ह्यांना पत्ता लागू देऊ नकोस, हेही मीच सांगितलं," बायको लसणीवरची नजर न काढता म्हणाली. "मला जन्मापासून मराठी येतं. माझे काय हाल झाले ते तिला दिसतच होते."



सामान हलवायच्या दिवशी घरभर खोकी पसरली होती. खोकं खालून उचलावं, काचेचं वर ठेवावं, पलंग आधी की कपाट आधी, सगळं कडीवाल्यांच्या जिभेवर येऊन उभं होतं. मुलगा एक खोकं उराशी धरून निघाला, आणि दार धाडकन त्याच्या खांद्यावर बसलं. कडीवाले बायकोकडे वळले.

"अगं, मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला हे पहिल्यांदा विचारलं होतं. तिलाही नवल वाटलं असणार, कारण तिने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"दार धरा," ती म्हणाली. "आणि बोलू नका."

त्यांनी धरलं. स्प्रिंग भलती ओढत होती, दंड भरून आले, पण पाठ लावून ते उभे राहिले. खोकी गेली, गाद्या गेल्या, मुलगा गेला. शेवटी सून आली आणि उंबऱ्यावर थबकली.

"बाबा, एक विचारू? नव्या घराच्या दाराला कुठली स्प्रिंग बसवू?"

कडीवाल्यांनी तोंड उघडलं. स्प्रिंगा किती प्रकारच्या, कुठल्या दाराला कुठली, कुणाची टिकते, आयुष्यभराची विद्या घशाशी आली. ती त्यांनी गिळली.

"बसवू नकोस," ते म्हणाले.