पाहुण्यांसमोरची बस

इसाकभाईची जीभ म्हणजे दावं सुटलेलं वासरू. जळगावच्या जुन्या बाजारात तो पत्र्याच्या पेट्या ठोकायचा, तेव्हा गिऱ्हाईक पेटीपेक्षा गप्पांसाठीच जास्त थांबायचं. मग रस्ता रुंद झाला, त्यात घर गेलं आणि बदल्यात मिळालं ते शहराबाहेर आठ किलोमीटरवर, केळीच्या बागांना लागून, तिसऱ्या मजल्यावर. नळाला पाणी होतं, बस तेवढी नव्हती. होती ती एकच रिक्षा, आणि आठ माणसं कोंबल्याशिवाय ती हलत नसे. पहिला बसलेला माणूस घरून गुळगुळीत दाढी करून आला असला, तरी रिक्षा सुटेपर्यंत त्याला पुन्हा न्हावी शोधावा लागायचा, असं इसाकभाई सांगे आणि जिना हसे.

त्याची धाकटी मुलगी अफिफा हसत नसे. तिला शहरात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. तास साडेसातला, रिक्षा भरायची नऊला. ती साडेपाचला पायी निघायची. जमेल तेव्हा पोचायची, नाही तर हजेरी बुडायची. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

अशात थोरल्या मुलाच्या, शेहजादच्या, सोयरिकीसाठी धुळ्याहून मुलीकडचे पाहुणे घर बघायला आले. मुलीचे मामू खिडकीबाहेर नजर टाकून म्हणाले, "घर छान आहे, इसाकभाई. पण फार आडबाजूला. आमच्या पोरीला माहेरी यायचं झालं तर?"

"आडबाजूला?" इसाकभाई उसळला. "दर पंधरा मिनिटांनी बस दारात! ड्रायव्हर चहा आमच्याकडेच पितो. परवा घरात साखर संपली, तर अख्खी बस अर्धा तास खोळंबली."

त्याच वेळी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काका, मी डिंपल. नवी शहरबस सुरू होतेय, त्याचा सर्व्हे आहे. वस्तीतली पाचच घरं घेतोय. तुमच्याकडे सध्या बस येते का?"

मामूंनी कप खाली ठेवला.

"येते म्हणजे काय!" इसाकभाई म्हणाला. "आणखी एक आली तर उभी कुठं करायची?"

त्या वस्तीची एक रीत होती. कुणाकडे सोयरिकीचे पाहुणे आले की शेजाऱ्यांनी जिन्यात जमायचं आणि यजमानाचा शब्द उचलून धरायचा. शिंदखेड्याकडचा निंबा पुढे सरसावला, "बठ्ठं खरं शे, ताई! मी रोज तीच बसमा जास." मंजुळाबाईंनी तर बसचा रंगही सांगितला. पाच घरांचे जबाब डिंपलला एकाच जिन्यात मिळाले. तरी तिला शंका असावी. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या अफिफाला तिनं विचारलं, "तू कॉलेजला बसनंच जातेस ना?"

अफिफानं अब्बांकडं पाहिलं, मामूंकडं पाहिलं.

"हो."

सोयरीक जमली. इसाकभाईच्या बायकोनं, जुबेदानं, जिनाभर मिठाई वाटली.

तीन महिन्यांनी बस आली, हिरवीगार, थंडगार, पहिली फेरी सकाळी आठला. अलीकडच्या बंगल्यांच्या कॉलनीपर्यंत यायची, जिथं दर फाटकात दोन-दोन गाड्या उभ्या, आणि तिथूनच माघारी वळायची. पुढे तीन किलोमीटरवर इसाकभाईची वस्ती. तो तडक बसच्या कार्यालयात गेला. कारकुनानं कागद दाखवला, "सोय उपलब्ध, मागणी नाही. पाच घरांचे जबाब आहेत."

"साहेब, ते खोटं होतं. घरात पाहुणे बसले होते."

कारकून हसला. "काका, खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

"आत्ता खरं बोलतोय. आईशप्पथ."

"मग पुढच्या सर्व्हेत बोला. दोन वर्षांनी."

आयुष्यात पहिल्यांदाच इसाकभाईनं तिखटमीठ न लावता काही सांगितलं होतं, आणि तेच कुणाच्या गळी उतरलं नाही.

अफिफाची हजेरी एकसष्ट टक्क्यांवर अडली. परीक्षा हुकली, पटावरून नाव कमी झालं. त्या संध्याकाळी इसाकभाई तिच्याजवळ जाऊन बसला.

"बेटा, तू तरी खरं सांगायचंस."

"भाईजानचं लग्न मोडलं असतं, अब्बा. आणि तुम्ही इतकं रंगवून सांगत होतात, की क्षणभर मलासुद्धा ती येताना दिसली."

कॉलेजच्या पांढऱ्या कोटाची ती घडी घालत होती. तो सकाळी साडेसातच्या आत परत करायचा होता. म्हणजे उद्याही साडेपाचला निघणं आलं.