दुपारचं बिल्ड

सकाळचं बिल्ड सुरळीत व्हायचं, दुपारचं हमखास कोसळायचं. लिहिलेल्या कोडमधून चालतं अ‍ॅप तयार करायचं हे काम अजून तिच्या नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर चाले. तो त्याने स्वतःच्या हातांनी जोडला होता. नवरा गेला, तरी त्याच्या खोलीत त्या कॉम्प्युटरचा पंखा गुरगुरत राहिला. आता त्या मशीननेही मान टाकायला घेतली होती.

धंद्यातल्या भागीदाराने फोनवर तोंड सोडलं. "वहिनी, त्या खोक्याचे किती लाड करायचे? गिऱ्हाईक आपल्या नावाने शंख करतंय. आज पुन्हा बंद पडलं, तर उद्या भंगारात."

"आज मी घरूनच बघते," ती म्हणाली.

ऑफिसात बसून तिने कोडचा कीस पाडला होता. घरी येऊन मेमरी बदलली होती, नेटवाल्याला उगाच चार शब्द सुनावले होते. बिल्डची नोंद ठेवणारा लॉग दर वेळी अर्ध्या ओळीत तुटायचा, काय चुकलं ते एका शब्दाने सांगेल तर शपथ. नवराही असाच गेला, न सांगता. त्याचा राग तिच्या मनातून अजून उतरला नव्हता.

जेवणं उरकली. बिल्ड लावून ती लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. तेवढ्यात सासूबाई त्याच्या खोलीत शिरल्या. त्यांनी कपाटातून त्याची जाड चादर काढली आणि कॉम्प्युटरवर नीट पांघरली, कडासुद्धा आत खोचल्या. गरम हवेला वाटच उरली नाही. पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागला.

ती धावत दारात आली. "आई, अहो, हे काय?"

"हळू बोल गं. जेवला की तो असाच घोरायचा. पांघरूण घातल्याशिवाय गाढ झोपच नाही त्याला."

पंखा थांबला. कॉम्प्युटर तापून आपोआप बंद झाला होता.

"लागली," सासूबाई पुटपुटल्या. मग सुनेचा चेहरा पाहून म्हणाल्या, "वेड नाही लागलं मला. कळतं सगळं. पण रोज जेवणानंतर हात ऐकत नाहीत. तू यायच्या आत काढून ठेवते.""

चादर काढायला तिने हात पुढे केला. एक कड निसटली होती, ती तिने आत खोचली. मग तिथेच खाली बसून ती रडली.

फोन वाजला. "पडलं ना पुन्हा?"

"मशीन धडधाकट आहे, भाऊजी. फक्त दुपारी काही लावू नका."

"का?"

"दुपारी तो झोपतो," ती म्हणाली.