बाबांचा हिरवा

सुनेने निळीच्या पिंपातून कापड हळूच वर ओढलं आणि नेहमीसारखी बाबांच्या तोंडाकडे बघत थांबली. आधी झेंडूच्या फुलांत उकळून पिवळं केलेलं कापड निळीत बुडवलं की हिरवं होतं. पण किती बुड्यांनी, हे त्या घरात फक्त बाबा ठरवत. त्यांनी "पुरे" म्हटल्यावरच कापड धुवायला जायचं. अख्खी गल्ली त्यांना पुरेबाबा म्हणायची ती उगीच नाही. आज मात्र त्यांचं "पुरे" काही येईना.

त्यांनी उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. मग डावा मिटून उजव्याने. मग पुन्हा डाव्याने.

"अजून एक बुडी देऊ?" सुनेने विचारलं. तिच्या कोपरांवरून पाणी ओघळत होतं.

"थांब जरा."

"वारा लागतोय त्याला, बाबा."

"लागू दे! थांब म्हटलं ना?"

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता आणि पट्टी कालच सुटली होती. मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं, डाव्यात तो अजून आहे, तेव्हा थोडे दिवस दोन डोळ्यांना रंग वेगळे दिसतील, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. रंगाविषयी त्यांना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. आणि आता डाव्या डोळ्याला तेच कापड कोवळ्या पानासारखं हिरवं दिसत होतं, थेट वडिलांनी शिकवलेलं, आणि उजव्या डोळ्याला निळं. हिरव्याकडे झुकलेलं म्हणायचं तर म्हणा, पण निळंच.

ते तरातरा अंगणात गेले. दोऱ्यांवर नाट्यगृहाचे पडदे वाळत होते. अर्धे पडदे मागेच नाट्यगृहात टांगले गेले होते, राहिलेले आज रंगून व्हायचे होते, आणि दोन्हींत केसभरही फरक चालणार नव्हता. बाबांनी एका पडद्याचं टोक धरून उन्हात ताणलं. निळं. दुसरं ताणलं. तेही निळं. मग ते कोठीत शिरले आणि फळ्यांवरचे तागे ओढून काढू लागले. यंदाचा, त्याच्या आधीचा, अगदी खाली दडपलेला जुना. जमिनीवर कापडांचा ढीग झाला. डॉक्टरने भिंग बसवताना काहीतरी घोळ घातलाय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

पण मन स्वस्थ बसू देईना. कुंडीतल्या झाडाचं एक पान त्यांनी खुडलं आणि ताग्यावर ठेवलं. नव्या डोळ्याला पान हिरवंगार दिसलं. त्याच्याखालचं कापड निळं. त्यांनी पान उचललं, पुन्हा ठेवलं. डोळा ठीक होता. तो तागा काखेत मारून ते ओसरीकडे निघाले.

ओसरीवर आई, म्हणजे त्यांची बायको, वाळक्या झेंडूच्या पाकळ्या कुस्करत बसली होती. बाबांनी तागा तिच्या मांडीवर टाकला. पाकळ्या उडाल्या.

"हा कुठला रंग?"

"बाबांचा हिरवा," ती मान वर न करता म्हणाली.

या नावाचा त्यांना केवढा अभिमान होता! गिऱ्हाइकं दुकानात येऊन मुलाकडे नेमका तोच मागत, "तो तुमच्या बाबांचा हिरवा आहे का?" आपल्या हातची चीज म्हणून आपलं नाव लागलंय, असं ते समजत आले होते.

"नाव नको सांगूस. रंग सांग."

आता आईने वर पाहिलं. आधी नव्याकडे, मग जुन्या डोळ्याकडे. तिला हसू आवरेना.

"दिसायला लागलं वाटतं?"

"अगं, रंग सांग!"

"निळा आहे हो तो. चांगला ढळढळीत निळा."

"तुला माहीत होतं?"

"मला, तुमच्या मुलाला, गिऱ्हाइकांना. फक्त बाबाच ज्याला हिरवा म्हणतात तो बाबांचा हिरवा. गमतीने पडलं नाव आणि चिकटलं."

बाबा ओसरीच्या पायरीवर बसले, लगेच उठले, पुन्हा बसले. इतकी वर्षं आपण डोळे वटारून बुड्या मोजल्या, पुरे म्हटलं, नाही म्हटलं, आणि मागे सगळे हसत होते. त्यांना भयंकर लाज वाटली.

"म्हणजे आंधळं दळत होतं," ते म्हणाले, "आणि कुत्रं पीठ खात होतं."

"पीठ तुम्हीच खाल्लंत की! तो जुना पोपटी हिरवा कोण घेत होतं? हा निघाला आणि दुकानाला चांगले दिवस आले. चुकून का होईना, तुमच्याच हातून झालं."

"पण सांगायचं नाही एका शब्दाने?"

"सांगितलं होतं सुरुवातीला. तुम्ही ताट सरकवून उठलात. मग म्हटलं, हिरवा तर हिरवा. तुमच्यापुढे सगळ्यांनी हिरवा म्हणायचं. घरात शांतता राहते. आपलं काय जातंय?"

पिंपाच्या खोलीतून दाणकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सून दारात आली. हातातलं कापड बहुधा तिने तिथेच टाकलं होतं, कारण तिचे निळे झालेले हात मोकळे होते.

"आई," ती म्हणाली, "तुम्हालाही निळा दिसायचा?"

"अगं, कुणालाही दिसेल."

"पहिल्यापासून?"

"हो तर." आई अजून हसतच होती.

"मी विचारलं होतं तुम्हाला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. इथे बसून. आई, हा निळा नाही का, म्हणून. तुम्ही म्हणालात, नाही गं, हिरवा आहे."

"हे आत बसले असतील तेव्हा. ऐकलं असतं त्यांनी."

"बाबा घरात नव्हते."

आईचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. हातातल्या पाकळ्या ती उगाच चोळत राहिली.

"सवय झाली होती तोंडाला," ती पुटपुटली. "मला वाटलं, तुला कळलंच असेल. बाकीच्यांसारखं. थट्टा चाललीय म्हणून."

"मला कुणी सांगितली थट्टा?"

बाबांना काहीतरी अर्धवट आठवू लागलं आणि ते आठवू नये असं वाटलं. पण राहवेना.

"मलाही विचारलं होतंस?"

"हो."

"मी काय म्हणालो?"

"डोळे तपासून घे म्हणालात."

"मग?"

"घेतले," सून म्हणाली. "माहेरी गेले होते तेव्हा. चष्मेवाल्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सगळी वाचली मी. तो म्हणाला, नंबर नाही. मग मला वाटलं, अक्षरांचं नाही, माझं रंगाचंच काहीतरी बिघडलेलं आहे. ते त्याला कसं कळणार?"

बाबांच्या डोळ्यांपुढे तिच्या गाठी आल्या. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्याला ती दोऱ्याची गाठ मारायची, पिवळ्याला एक, तांबड्याला दोन. ओली असताना ओळखू येत नाहीत, असं कारण द्यायची. रंगाऱ्याची सून आणि रंग ओळखायला गाठी मारते, म्हणून त्यांनी पाहुण्यांसमोर तिची किती टर उडवली होती! आणि तिचे कपडे. रंगाच्या घरात राहून ही सदा न कदा करड्यात. त्यावरही ते बोलले होते. कसलीच हौस नाही हिला, असं.

"लेकीला फ्रॉक घ्यायला तुमच्या मुलाला पाठवते," ती म्हणाली. "मी गेले तर काहीतरी भलतंच आणीन म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "शाळेत बाईंनी तिला सांगितलं, आईला विचारून चित्र रंगव. मी म्हटलं, आजीला विचार."

"अगं पोरी," आई उठू लागली. मांडीवरचा तागा घरंगळला.

"बसा तुम्ही."

असं ती कधी कुणाला म्हणाली नव्हती. आई बसली.

चुकलं म्हणावं, तर तो शब्द बाबांच्या तोंडाला माहीत नव्हता आणि आता तो फार लहानही वाटत होता. नाट्यगृहाचे पडदे, आतलं कापड, पिंपातली नीळ, सगळं त्यांच्या डोक्यातून पार गेलं. ते पायरीवरून उठून बाजूला झाले.

सून त्यांच्या अंगावरून अंगणात गेली. पहिल्या दोरीपाशी थांबून तिने वाळत घातलेलं एक कापड चिमटीत धरलं.

"पिवळा," ती म्हणाली.

पुढच्याला हात लावला. "हा तांबूस. नाही, विटकरी." मग घाईने पुढचं, त्याच्या पुढचं. "राखाडी. हा पण राखाडी, पण जांभळ्यातला." ती दोऱ्यांखालून वाकत, ओली कापडं बाजूला सारत चालली होती, आणि सुरुवातीला पुटपुटत होती ती आता मोठ्याने बोलू लागली. पडद्यांपाशी आल्यावर तिने अख्खा पंजा कापडावर टेकवला. "निळा." दुसऱ्यावर. "निळा!" तिथून फाटकाकडे. "तपकिरी." बादली. "लाल." स्वतःची बाही वर धरली, क्षणभर बघितली आणि रागाने खाली सोडली. "करडा."

शेजारीण खिडकीत आली. आईने डोळ्यांना पदर लावला होता.

बाबा सुनेच्या मागे मागे, चार पावलं अंतर ठेवून चालत होते. प्रत्येक रंगाला त्यांच्या ओठांवर "बरोबर" येत होतं. एकदा ते जवळजवळ बाहेरच पडलं.

पण ती त्यांना विचारत नव्हती.