सहा नंबरची खोली

सुईवाल्याच्या खोलीत खुर्च्या दोन होत्या. एकीवर तो बसायचा आणि दुसरीवर त्याचा शर्ट. गेले चार महिने तो त्या शर्टालाच मुलाखत देत होता. "डॉक्टर का व्हायचंय?" हा प्रश्न शर्टाच्या वतीने स्वतःच विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचं. शेजारच्यांना वाटायचं, याच्याकडे रोज कोणीतरी येतं. कुठलं काय! बहीण दर रविवारी फोन करायची, पण तिची पोरं मागे एवढा धिंगाणा घालायची की "बरा आहेस ना?" आणि "हो ताई" एवढ्यावरच गाडी थांबायची.

सुईवाला हे नाव त्याला लॅबमधल्या लोकांनी ठेवलं होतं. वय एकोणतीस, काम रक्त काढायचं. दिवसाला साठ-सत्तर हात त्याच्यासमोर यायचे. नुसते हातच. माणसं सुई दिसली की मान फिरवून भिंतीकडे बघायची आणि कापूस दाबत निघून जायची. सात वर्षांत हजारो लोकांचं रक्त काढलं, पण रस्त्यात एकानेही ओळख दिली नाही. ओळखणार तरी कसे बिचारे, चेहरा पाहिलेलाच नाही ना.

त्याला मेडिकल कॉलेजात जायचं होतं. लेखी परीक्षा तो दर वेळी पास व्हायचा आणि घोडं अडायचं ते मुलाखतीत. पहिल्या वर्षी पाकिटातून शेरा आला : 'उत्तरं पाठ केलेली वाटतात.' दुसऱ्या वर्षी : 'उमेदवार ऐकत नाही, आपली पाळी येण्याची वाट पाहतो.' तीनपेक्षा जास्त वेळा बसू देत नाहीत, हा तिथला नियम. म्हणजे हे शेवटचंच. हुकलं की उरलेला जन्म हात बघण्यात जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून यंदा तो एक युक्ती शिकला होता. समोरचा बोलायचा थांबला की मनात तीन मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. शिवाय त्याचेच शेवटचे शब्द हळूच परत म्हणायचे, म्हणजे त्याला वाटतं आपलं ऐकलं जातंय. शर्टावर याचा चांगला सराव झाला होता.

आणखी एका बाबतीत त्याने कानाला खडा लावला होता. ही मुलाखत म्हणजे एका टेबलामागे तिघंजण बसलेत असं प्रकरण नसतं. लांब व्हरांड्यात आठ खोल्या, प्रत्येक खोलीत आठ मिनिटं. दारावर चिठ्ठी लावलेली असते, ती वाचायला एक मिनिट. घंटा झाली की आत, पुन्हा झाली की बाहेर. वाक्य अर्धं राहिलं तर राहिलं! काही खोल्यांत परीक्षक प्रश्न विचारतात, तर काहींत पेशंटचं सोंग घेतलेले नट बसवलेले असतात. मागच्या वर्षी चार नंबरात एक बाई अशी काही रडली की याने खिशातला रुमाल काढून दिला. तासाभराने बघतो तर बाई जिन्यात कोणाशी तरी खिदळत चहा पितेय, आणि रुमाल तिच्याच हातात! यंदा फसायचं नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

मागची दोन्ही वर्षं त्याला खालचा व्हरांडा मिळाला होता, यंदा वरचा मिळाला. पहिल्या पाच खोल्या बऱ्या गेल्या. तीन मोजले, शेवटचे शब्द परत म्हटले, सगळं रीतसर. सहाव्या दारावरची चिठ्ठी मात्र विचित्र होती : 'आत जा. बसा. हवं असल्यास पाणी घ्या.' बस्, एवढंच. सुईवाला मनात म्हणाला, अरे वा, हा खरा डाव दिसतोय. प्रश्नच दिलेला नाही, म्हणजे तो आपण शोधून काढायचा.

आत एक म्हातारे काका बसले होते. समोर रिकामी खुर्ची, टेबलावर पाण्याचा जग. काकांनी जग त्याच्याकडे सरकवला. सुईवाल्याची नजर सवयीने गेली ती त्यांच्या हातावर. बाही वर सरकलेली, कोपराच्या आत कापूस चिकटवलेला आणि भोवती निळंजांभळं झालेलं.

"शीर पटकन सापडली नाही वाटतं," तो म्हणाला.

काकांनी चमकून वर पाहिलं. "तीनदा टोचलं. इथे यायच्या आधी, सकाळीच."

"कशासाठी?"

"डॉक्टरांना रक्तात काहीतरी शंका आहे. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार."

एक, दोन, तीन. "आणायला कोणी येतंय सोबत?"

"सोबत कोण येणार? बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा लांब असतो, त्याला अजून कळवलेलं नाही. सोबत कोणी नाही बाबा."

"सोबत कोणी नाही," सुईवाल्याने हळूच परत म्हटलं.

काकांची हनुवटी थरथरायला लागली. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं आणि चांगली दोन मिनिटं ते तसेच बसून राहिले. सुईवाला पुढे झुकून, चेहऱ्यावर योग्य तेवढी काळजी ठेवून बसला. मनात म्हणाला, काय जबरदस्त माणूस आणलाय! मग पाठ केलेलं वाक्य त्याने न अडखळता म्हटलं, "हे तुम्हाला एकट्याने सोसावं लागतंय, याचं मला फार वाईट वाटतं."

घंटा झाली. दारापर्यंत गेल्यावर त्याला राहवेना. स्वारी खुशीत होती, म्हणून मोठ्या मनाने शाबासकी द्यायला वळली. "काका, झकास काम करता हो. हातावरचा रंग तर अगदी खरा वाटतो."

काकांनी एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि बाही खाली ओढून घेतली.

सातवी खोली आली तशी गेली. आठव्या दारापाशी चिठ्ठी वाचायला तो उभा होता, तर त्याच्या पुढच्या पाळीची चष्मेवाली मुलगी बाहेर येता येता कुजबुजली, "मधे सहा नंबरात जरा जीवात जीव आला ना? मी तर डोळे मिटून बसले होते."

"डोळे मिटून? आणि मार्क?"

"अहो, कसले मार्क? विश्रांतीची खोली आहे ती, फक्त या वरच्या व्हरांड्यात असते. सूचनांच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय. ते काका नुसते पाणी द्यायला आणि कोणी फोन काढत नाही ना हे बघायला असतात."

सुईवाल्याने भीतीच्या भरात दुसरं पान उलटलंच नव्हतं. त्याचे कान तापले. म्हणजे कापूस खरा. तीन टोचे खरे. आणि आपण त्या माणसाला काय म्हणून आलो?

घंटा झाली. आतल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "अलीकडे तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा."

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. नळीवर चुकीचं नाव लागलं, वेळीच लक्षात आलं, त्यातून अमुक शिकलो, आता तमुक करतो. साडेतीन मिनिटांत बसवलेलं, शर्टाला शंभरदा ऐकवलेलं. त्याने तोंड उघडलं, पण डोळ्यांसमोर ती बाही आली.

"मी... आत्ताच एक केली," तो म्हणाला आणि अडखळत, मागेपुढे करत सगळं सांगू लागला. मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, त्यात एक मिनिट गेलं. बाई लिहायच्या थांबल्या होत्या.

"मग आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

तो विचार करत राहिला आणि घंटा झाली.

परत वर जायला बंदी होती, म्हणून तो फाटकाशी उभा राहिला. ऊन कलेपर्यंत तीन तास. पाच वाजता काका पिशवी घेऊन बाहेर आले. सुईवाला पुढे झाला आणि त्यांच्या वाटेत उभा राहिला.

"मला नट समजलास," काकाच म्हणाले. "दर वर्षी दोघंतिघं समजतातच. सुरुवातीला मी सांगायचो, बाबांनो, मी इथला शिपाई. मग सांगायचं सोडून दिलं."

"का?"

"आठ मिनिटं कोणीतरी नीट विचारतं रे. मुलाचा फोन दोन मिनिटांत आटोपतो. मी आपलं काहीबाही सांगायचो, गुडघा दुखतो, झोप येत नाही. वर्षभर त्या दिवसांची वाट बघतो मी, हसू नकोस. आज मात्र खरं तेच बाहेर पडलं. तू हात पाहिलास ना, म्हणून."

"आणि मी त्याला रंग म्हणालो."

"हो. ते लागलं," काका म्हणाले.

"चुकलो काका. फार वाईट वागलो."

काकांनी नुसती मान हलवली. थोडं पुढे जाऊन ते थांबले. "रिपोर्टचं काउंटर सहाला बंद होतं. येतोस का? तिथे मार्क नाहीत हो."

तो गेला. लॅबच्या बाकावर काकांनी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू फोड. माझ्याच्याने होत नाही." त्याने फोडलं, वाचलं आणि सरळ सांगितलं. शंका खरी निघाली होती. उपचार होते, लांबलचक होते, पण होते. काकांनी कागदाची घडी करून ती पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "तुझं पाकीट आलं की माझ्याकडे द्यायचं. ते मी फोडणार."

पुढचे पाच आठवडे दर मंगळवारी काका तपासणीसाठी रक्त द्यायला सुईवाल्याकडेच आले. मान न फिरवता, त्याच्या तोंडाकडे बघत, शिपाई लोकांच्या एकेक गमती सांगत. मुलालाही त्यांनी एकदाचं कळवलं होतं.

सहाव्या आठवड्यात पाकीट आलं. त्या संध्याकाळी काका त्याच्या खोलीवर आले. सुईवाल्याने दुसऱ्या खुर्चीवरचा शर्ट उचलून खुंटीला अडकवला आणि काका तिथे बसले. चष्मा लावून त्यांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि वाचत राहिले.

सुईवाला मनात मोजू लागला. एक, दोन, तीन. दहापर्यंत आला तरी काका बोलेनात.

"नाही ना?" त्यानेच विचारलं.

"नाही रे पोरा."

सुईवाला हसायला गेला, पण ते काही जमलं नाही.

"शेरा लिहिलाय. वाचू?" काकांनी विचारलं. "उमेदवार ऐकतो. पण उत्तर वेळेत पूर्ण करत नाही."

सुईवाल्याने कागद मागितला नाही. त्याने हातात तोंड लपवलं आणि एवढ्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. शेजारच्यांना ऐकू जाईल याचीही त्याने पर्वा केली नाही. काकांनी समजूत घातली नाही की पाठीवर हात फिरवला नाही. कागदाची घडी करून ती टेबलावर ठेवली, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि तो थांबेपर्यंत थांबले.

"त्या बाईंनी विचारलं होतं ना, आता काय करणार म्हणून?" ते म्हणाले. "ते उत्तर राहिलंय तुझं. सांग. इथे घंटा नाही."

सुईवाल्याने डोळे पुसले आणि बराच वेळ विचार करून सावकाश बोलायला सुरुवात केली.